बैठकीला तीस वॅट कशाला

मी, शालीकराम वल्द डोमाजी टेंभरे, वय साठीच्या पुढचे, धंदा धानाची शेती आणि मंडईत-लग्नात लाऊडस्पीकर भाड्याने लावणे, राहणार गोरेगाव, तहसील गोंदिया, जिल्हा भंडारा, हे मृत्युपत्र आज स्वखुशीने लिहवून घेतो. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे कुरकुरतात, दात मोजकेच उरलेत, पण कान शाबूत आहेत. या कागदात कानांचा विषय वारंवार येणार असल्यामुळे तेही नोंदवून ठेवले. मला कोणी धमकावले नाही, फूस लावली नाही, दारू पाजली नाही. माझे व्याही बिसराम कटरे समोर बसून मोठ्या आवाजात सल्ले देत आहेत, त्याला दाबदडपण म्हणावे काय, असे मी अर्जनवीस दुलीचंद यांना विचारले. ते म्हणाले, हे लिहू नका. म्हणून मुद्दाम लिहायला लावले.

मरणाची घाई नाही. उलट आज मी फार आनंदात आहे. दिवाळीनंतरची मंडईची जत्रा नुकतीच आटोपली. रानात हलका धान कापून पडला आहे. लढाईच्या वर्षांत मशीनचे जे वाल, म्हणजे आतले काचेचे दिवे, शोधूनही मिळत नव्हते, त्यांतला एकही यंदा गेला नाही, लाऊडस्पीकरचे मशीन शेवटच्या गाण्यापर्यंत गात राहिले. माणसाने मृत्युपत्र अशाच दिवशी करावे. आजारपणात केलेले मृत्युपत्र रडके होते आणि त्यात जमिनीच्या वाटण्या चुकतात.

काळजी एकच आहे, ती आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याला शेवटपर्यंत ताटकळावे लागणार नाही. माझी बायको शामकला हिला आता कमी ऐकू येते. कमी ऐकू येणाऱ्या माणसाचे काय होते ते मी गावात पाहिले आहे. लोक आधी ओरडून बोलतात, मग हातवारे करतात, मग बोलायचेच सोडून देतात. भाकरी वेळेवर मिळते, बोलणे मिळत नाही. मी आहे तोवर मी बोलतो. मी गेल्यावर तिच्याशी कोण बोलणार, हा या मृत्युपत्राचा विषय आहे. बाकी सगळे धान, बैल आणि भांडी.

कलम पहिले, घर आणि शेती. दोन्ही माझ्या स्वकष्टाची आहेत, कोणा भाऊबंदाचा त्यांवर हक्क नाही. घर शामकलेच्या हयातीत शामकलेचे, नंतर माझा मुलगा खुशाल याचे. बोडीच्या तळ्याखालची धानाची बांधी खुशालची, फक्त दर हंगामाला त्यातला चिन्नोर तांदूळ त्याने बहीण अनुसयेच्या घरी गोंदियाला स्वतः पोचवावा, गाडीवानाच्या हाती पाठवू नये. आणि एक गोष्ट दुलीचंद यांनी ठळक लिहावी. शामकलेची बाज आज चुलीजवळ आहे, तिथेच राहील. ‘आईले आराम पडंल’ असे म्हणून ती मागच्या खोलीत सरकवायची नाही. घरातली सगळी बोलणी चुलीजवळ होतात. मागच्या खोलीत फक्त कोंडा आणि घुशी आहेत.

कलम दुसरे, यंत्रे. यासाठी थोडे मागे जावे लागेल. तरुणपणी मी एक चांगली कालवड विकून पितळी भोंग्याचा चुडीबाजा, म्हणजे ग्रामोफोन, आणला, त्या वर्षी शामकला माझ्याशी धान झोडपेपर्यंत बोलली नाही. पण बाजा वाजू लागला की सूप घेऊन सर्वांत जवळ तीच येऊन बसायची. तिचे कान असे होते की चुलीपाशी बसल्या बसल्या ती ओरडायची, ‘सुई झिजली, बदला!’ मी भिंग लावून पाहायचो तर सुई खरेच झिजलेली. बाजार, लग्न, बारसे, सगळीकडे तो बाजा घेऊन मी फिरलो, आणि चावी देताना किती फेरे कमी पडले तेसुद्धा दुरून ऐकून ती मी घरी आल्यावर मला सांगायची. माझा धंदा माझ्या हातांवर चालला असे लोक म्हणतात. तो तिच्या कानांवर चालला.

पुढे नागपूरहून तीस वॅटचे ॲम्प्लिफायर आणले, दोन लोखंडी भोंगे, एक मायक आणि बॅटऱ्या. मंडईला ते लागतेच. उघडे मैदान, झाडांवर माणसे, पलीकडे पाळणे आणि चिवड्याची दुकाने, मध्ये दंडारीवाले नाचणार आणि त्यात शंकरपटाच्या शर्यतीच्या बैलांच्या घंटा. तिथे तीस वॅट असूनही पाठीमागचे लोक ‘जोरानं!’ म्हणून खडे मारतात. हे मी मान्य करतो. पण मंडई म्हणजे घर नव्हे, आणि याच मुद्द्यावर माझे आणि व्याह्यांचे वाकडे आले.

कलम तिसरे, व्याही. बिसराम कटरे गोंदियाला तांदळाचा व्यापार करतात, माझी अनुसया त्यांच्या घरी दिली आहे, माणूस सोन्यासारखा. फक्त आवाज. ते ‘पाणी द्या’ म्हणाले तरी शेजारचा पाणी आणतो. गिरणीच्या डायनामोवरून वीज ओढून त्यांनी बैठकीत सागवानी पेटीचा स्पीकर बसवला आणि मला विचारले, मशीन कितीचे घ्यावे. मी म्हणालो, बैठकीला एक वॅट पुष्कळ आहे, दोन घेतले तर चैन. ते इतके दुखावले की हातातली सुपारी खाली ठेवली.

‘इवाई, समोरच्या शेठजीच्या घरी पंधरा वॅट हाये. मंग माह्या बैठकीत तीस नाही पायजे काय? इज्जत का सवाल हाये!’

व्याह्यांची चूक शंकरपट पाहणाऱ्या माणसाची आहे. त्यांच्या हिशेबी वॅट म्हणजे बैल. एक जोडी लावली तर इतकी ओढ, दोन लावल्या तर दुप्पट. कान तसे ओढत नाही. पंधराचे तीस केले तर आवाज दुप्पट होत नाही, जेमतेम कळेल एवढा वाढतो. दुप्पट वाटायला दहापट वॅट खर्चावे लागतात. त्यातून बैठकीत माणूस स्पीकरपासून चार हातांवर तक्क्याला टेकून बसलेला असतो. तिथे साध्या गाण्याला पुरा एक वॅटही लागत नाही. त्यांनी घेतलेले तीस वॅटचे मशीन बैठकीत कायम कुशीवर झोपलेले असते, त्याला जागे केले तर पेटीतल्या स्पीकरचा कागद फाटतो. एकदा फाटलाही. व्याही म्हणाले, कागद कमजोर होता.

शेवटी त्यांच्या पुतण्याच्या लग्नात मी फैसला मांडला. अंतरपाट हाताशी होताच. तो दोघांनी धरला, एका बाजूला व्याही, दुसऱ्या बाजूला मी, माझी स्पीकरची पेटी आणि दोन मशिने, एक माझे तीसवाले आणि एक लहानसे, जेमतेम दोन वॅटचे. आवाज सारखा लावून तेच गाणे एकदा याच्यावर, एकदा त्याच्यावर वाजवले. व्याह्यांनी डोळे मिटून, मिशीला पीळ देऊन ऐकले आणि दुसऱ्या वेळी मांडीवर थाप मारली.

‘हेच! हेच तीस! देखा, बैलाच्या छातीतून आवाज येऊन राहिला!’

अंतरपाट खाली आला. दोन वॅटवाले गात होते, तीसवाले गप्प होते. बायकांनी सवयीने अक्षता टाकल्या. त्या व्याह्यांच्या पागोट्यावर आणि माझ्या लहान मशीनवर सारख्याच पडल्या, आणि मांडवात कोणी तरी ‘शुभमंगल’ही म्हटले. व्याही म्हणाले, तुमच्या बॅटरीत काही मंतर हाये. अजून म्हणतात.

न्यायाने सांगतो, एका गोष्टीत त्यांचे बरोबर आहे. ढोलकीवर एकदम थाप पडते तेव्हा क्षणभर जास्त दम लागतो, आणि अगदी तोकडे मशीन तिथे गळा आवळल्यासारखे करते. नाल्यातून गाडी वर काढायला बैलांत थोडा जोर राखून ठेवावा लागतो, तसे. म्हणून ज्याला घरात ढोलकी खणखणीत हवी त्याने पाच-दहा वॅट ठेवावे. त्यापुढचे सगळे समोरच्या शेठजीसाठी. एवढे मान्य करून मी या वादावर पडदा टाकतो. (व्याही म्हणतात, पडदा त्यांनी टाकला असे लिहा. लिहिणार नाही.)

कलम चौथे. हे मिळकतीचे नाही, पण याच्याशिवाय पुढचे कळणार नाही. शामकलेचे ऐकणे कमी होऊ लागले तेव्हा बैठकीला एक वॅट पुरे म्हणणारा मी, तीस वॅटचे मशीन उचलून घरात घेऊन आलो. मायक चुलीजवळच्या कोनाड्यात, पेटी तिच्या बाजेच्या पायथ्याशी. घरातले सगळे बोलणे तिला मोठे होऊन ऐकू यावे, हा बेत. मंडईसाठी आमच्याच छपरावर लावलेले भोंगे मंडईनंतर खुशालने मशीनपासून सोडवले असतील, असे मी धरून चाललो होतो. खुशालने मी सोडवले असतील असे धरले होते.

मशीन तापले आणि त्याच वेळी माझी सून प्रेमिला शेजारणीला सांगत होती, ‘इवाई आले का त्यांच्या चहात साखर जास्त टाकत जा. तोंड गोड झालं का ते कमी बोलतात.’

हे गोरेगावच्या बाजारापर्यंत गेले. बाजारात त्या वेळी कोण उभे होते ते सांगायची गरज नाही. आमच्या गोठ्यातल्या बैलाने दावे तोडले, फळीवरची पितळी भांडी एकामागून एक खाली उतरली, आणि पुन्हा दंडार आहे असे समजून माणसे बोरे खात अंगणात येऊन बसली. मी मायकपाशी धावलो आणि ‘बंद कर, बंद कर’ म्हणालो, तेही सगळ्यांनी ऐकले. त्या धांदलीत व्याही दारात उभे राहिले. प्रेमिलेने पदर डोळ्यांपर्यंत ओढला आणि चहा ठेवला. व्याही तो प्यायले, बशी पुसून ठेवली आणि म्हणाले, ‘साखर कमी पडली, सूनबाई.’

आणि शामकला बाजेवर बसून भिंतीकडे पाहत होती.

‘भुई हालून राहिली काय?’ तिने विचारले. मी पेटीकडे बोट दाखवले, तिच्या कानाशी ओरडून विचारले, आता येते का ऐकू? ती म्हणाली, ‘आवाज येते. शब्द नाही येत. नुसत्या आवाजाले का करू मी, भाताबरोबर खाऊ?’ आणि मग, मी पुन्हा मशीनचा कान पिरगाळायला वळलो तेव्हा, ‘तुमी तिथूनच कायले ओरडता? उठून जवळ या ना.’

इतकी वर्षे भोंगे लावले आणि हे मला माझ्या बायकोने सांगावे लागले. मी नंतर विचार करून पाहिला तर हिशेबही तिच्याच बाजूचा निघाला. अंतर निम्मे केले की चौपट वॅट लावल्याचे काम होते. पुन्हा निम्मे केले की त्याच्या चौपट. बॅटरी लागत नाही, वाल जळत नाही. फक्त उठावे लागते.

पितळी भोंग्याचे असे झाले. चुडीबाजा मोडल्यावर शामकलेने त्याचा भोंगा पोत्यात धान ओतायला घेतला होता. त्या आठवड्यात ती धान भरत होती, मी पोते धरून उभा होतो. भोंगा तुंबला. तो झटकून, आत अजून काही अडकले काय ते पाहायला तिने अरुंद तोंडाला आधी डोळा लावला, मग जुन्या सवयीने कान. मी समोर उभा राहून आपल्याशीच पुटपुटत होतो की, हिच्या हातची कढी जन्मात एकदा बिघडली नाही, आणि आता सांगावे म्हटले तर हिला ऐकू येणार नाही.

‘कढीचं का म्हणता?’ शामकला म्हणाली.

मी पोते सोडले. धान पायावर सांडले. मी तेच वाक्य भोंग्याच्या रुंद तोंडात पुन्हा म्हणालो, हळूच, जसे घरात बोलतात तसे. ती म्हणाली, नाही आयकू आलं, पुन्हा म्हणा. मी पुन्हा म्हणालो. पहिल्याच वेळी ऐकू आले होते, हे मला तिसऱ्यांदा म्हणून झाल्यावर कळले, कारण ती हसत होती. मी तर धानातच बसकण मारली, नाचायचेच काय ते बाकी होते. एकही वॅट नाही! पितळेचा एक पत्रा आणि समोर बसलेला माणूस! त्या दिवसापासून या घरात पुटपुटणे सुरक्षित राहिलेले नाही, आणि मी इतका सुखी आहे की काही वेळा मुद्दामच पुटपुटतो.

कलम पाचवे, वाटणी. तीस वॅटचे ॲम्प्लिफायर मी व्याही बिसराम कटरे यांना देतो. साठ वॅट झाले म्हणून ते आनंदाने ओरडले आहेत, ते सर्वांनी ऐकले. अट अशी की माझे मशीन बैठकीत लावायचे नाही, उघड्या मैदानातच लावायचे. लहान मशीन आणि माझी स्पीकरची पेटी अनुसयेला, तिने सासऱ्यांपासून जपावी. बॅटऱ्या, लोखंडी भोंगे, तारा जोडायची डागणी आणि तारा खुशालला, आणि तारा कोणी सोडवायच्या हा प्रश्न यापुढे त्याचा. मायक गावच्या दंडार मंडळाला, पण नाक शिंकरण्याआधी तो बंद करावा, याची जबाबदारी मंडळाची. माझ्या तेरवीला लाऊडस्पीकर लावू नये. ज्याला माझ्याबद्दल काही चांगले सांगायचे असेल त्याने ते शामकलेच्या जवळ जाऊन सांगावे, वाईट सांगायचे असेल तर दुरून सांगावे.

कलम सहावे आणि शेवटचे. पितळी भोंगा शामकलेला.

इथवरचा मसुदा दुलीचंद यांनी सर्वांसमोर वाचला. शामकलेने पदर पुढे ओढून भोंगा पदराआड कानाला लावला होता आणि शेवटच्या कलमावर तिने हात वर केला. ती जे म्हणाली ते जसेच्या तसे लिहावे, अशी माझी दुलीचंद यांना आज्ञा आहे.

‘भोंगा त माहाच हाये. माही वस्तू मलेच देऊन कायले उपकार करता? भोंग्यात बोलणारा कोणाच्या नावानं लिहून चालले, ते सांगा.’

दुलीचंद यांची लेखणी थांबली. ते म्हणाले, बाई, माणूस मृत्युपत्रात देता येत नाही, कायदा नाही तसा. खुशालने मान खाली घातली, कारण दिवसभर तो रानात असतो. प्रेमिला काही बोलू गेली, पण चुलीवर दूध होते. मी मसुद्यातली कलमे बोटांवर मोजली. घर दिले, तांदूळ दिला, बाज कुठे ठेवायची ते लिहिले, आणि जे द्यायचे होते तेच मला देता येत नव्हते. डोळ्यांत पाणी आले, ते खरेच आले, लपवत नाही.

तेवढ्यात बिसराम कटरे उठले. त्यांनी आपली खुर्ची ओढत ओढत शामकलेच्या बाजेजवळ आणली. विहीण-व्याह्यांची मर्यादा असते, पण भोंगा चांगला हातभर लांब आहे, तेवढी मर्यादा त्यात बसते. त्यांनी भोंग्याच्या रुंद तोंडाशी तोंड नेले. आता छप्पर जाणार म्हणून मी कानांवर हात ठेवले, प्रेमिलेने दूध खाली उतरवले.

काहीच ऐकू आले नाही. मी हात काढले, तरी नाही. व्याह्यांची मिशी हलत होती. सावकाश, बराच वेळ हलत होती. शामकला आधी गंभीर बसली होती, मग तिच्या ओठांचा कोपरा हलला, मग ती अशी हसली की पदर मागे पडला, आणि हसता हसता तिने डोळे पुसले आणि मान डोलावली, एखाद्या गोष्टीला होकार द्यावा तशी.

मी विचारले, काय म्हणाले?

शामकला म्हणाली, ‘तुमच्यासाठी नाही ते.’

मी व्याह्यांना विचारले. ते खुर्ची तिथेच ठेवून, जन्मात पहिल्यांदा साध्या आवाजात म्हणाले, ‘इवाई, घरातल्या गोष्टीले एक वॅट पुरते. तुमीच सांगता ना?’

सहावे कलम आहे तसे राहू द्यावे. त्यापुढे आणखी एक ओळ घालावी की, बिसराम कटरे यांची खुर्ची शामकलेच्या बाजेजवळ आहे, ती कोणी हलवू नये. हे मृत्युपत्र मी वाचून घेतले, समजून घेतले, फक्त भोंग्यातले तेवढे मला समजलेले नाही, आणि त्याविषयी माझी काही तक्रार नाही.

सही: शालीकराम डोमाजी टेंभरे

साक्षीदारांचे निवेदन: आम्ही खाली सही करणारे, या मृत्युपत्रातून आम्हाला काहीही मिळणार नाही. शालीकराम टेंभरे यांनी आमच्या डोळ्यांदेखत, शुद्धीत, हसत सही केली. त्या वेळी आम्ही बाजेपासून चार हातांवर होतो आणि आमचे कान चांगले आहेत. बिसराम कटरे भोंग्यात काय बोलले, ते आम्हालाही ऐकू आले नाही.

सही: सुकराम पटले, राहणार गोरेगाव
सही: भैयाजी बोपचे, राहणार गोरेगाव

लिहिणार: दुलीचंद, अर्जनवीस, गोंदिया

मुक्काम गोरेगाव, सोमवार, तारीख ११ नोव्हेंबर १९४६